पिलाचं पोळं

किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी दिवाळी आली तरी आमच्या गावात कोणी आत निजत नव्हतं. आमच्याकडे भिंतींना नुसते तडे गेले होते, पण धसका सगळ्यांनीच घेतला होता. ज्याने त्याने बाजा ओढून अंगणात आणल्या. आमच्या अंगणात गोठ्याच्या कडेला मामांची बाज, मधे आत्याबाईंची, आणि न्हाणीच्या आडोशाला मी आणि अनू.

मामा म्हणजे माझे सासरे, बन्सीधर. आत्याबाई म्हणजे सासूबाई, चतुराबाई. अनूचे बाबा सूर्यभान पूर्णेला रेल्वेत गँगमन होते. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी उजाडायच्या आत जायचे.

अनूला अडीच वर्षं झाली होती. नुकतंच दूध तोडलं होतं, म्हणून रात्रीतून उठून कुरकुरायची. तिला थोपटताना माझं लक्ष जायचं, तर मामांची बाज रिकामी. थोड्या वेळाने उकिरड्याच्या अंगाने चपला वाजायच्या, बाज करकरायची. अनू पुन्हा उठली की पुन्हा बाज रिकामी. घरात निजत होतो तोवर हे कोणाला कळलं नसतं. भूकंपाने सगळ्यांना एका आभाळाखाली आणलं, म्हणून मला कळलं. पण मला कळून काय उपयोग होता?

आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, तोंडाला तोंड द्यायचं नाही. पण एका घरात राहायचं, एका शेतात खपायचं, तर बोलल्याशिवाय निभेल कसं? त्यासाठी लेकरू असतं. "अनू, आबाला म्हन, भाकर वाढली." "अनू, तुज्या मायला म्हन, सरकी भिजू घाल." अनूला अर्धं कळायचं, अर्धं नाही, पण आमचं काम होऊन जायचं. अनू व्हायच्या आधी मामा बैलाशी बोलायचे. मी दारात भाकरी थापत असले की सरज्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणायचे, "सरज्या, आज कोरड्यासात मीठ जरा जास्तच पडलं बरं का." सरज्या कान हलवायचा. मी दुसऱ्या दिवशी मीठ कमी टाकायची.

चार वर्षांत माझं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मामांची ओळख पंचक्रोशीत मधासाठी होती. शेत सहा एकर, कोरडवाहू. ते सगळ्यांसारखंच पिकायचं किंवा वाळायचं. पण मोहोळ काढावं तर बन्सीधरनेच. कड्याला लटकणारं आग्यामोहोळ ते काढत नसत. त्यांचं प्रेम बोरीबाभळीत बसणाऱ्या काडी मोहोळावर. तळहाताएवढं पोळं, बारकी माशी. काडीला दोन्ही बाजूंनी माशी काळा चिकट डिंक लावून ठेवते, म्हणजे मुंगी आत येत नाही. वरच्या डोक्यात मध, त्याखाली फुलांचा पिवळा भुगा दाबून भरलेली घरं, आणि त्याखाली पिलं. लोक ओरबाडून सगळंच नेतात. मामा वरचं डोकं तेवढं कापून घ्यायचे. खालचं पिलाचं पोळं दोन चिरलेल्या काड्यांच्या मधे धरून, अंबाडीच्या सुतळीने बांधून, त्याच झाडाला परत टांगायचे. माशा फिरून येतात, काडीला मेण लावतात, महिन्याभरात पुन्हा मध.

खोकल्याला, भाजल्याला, लेकराच्या पोटाला, लोक शिशी घेऊन यायचे. मामा बोटभर मध घालून द्यायचे आणि वर सांगायचे, "वरसाच्या आतल्या लेकराला देऊ नका हं. त्याला मायचं दूधच."

दिवाळीनंतर अनूला हगवण लागली. चौथ्या दिवशी तिचे डोळे आत गेले. ताडकळसच्या डॉक्टरने मीठ-साखरेची पुडी दिली, पाण्यात कालवून घोटघोट पाजत राहा म्हणाला. तो एक दिवस आणि एक रात्र मी वाटी खाली ठेवली नाही. जुलाब आटले, पण पोरीची अन्नावरची वासना काही परत येईना. मग मामांनी ज्वारीच्या पातळ पेजेत मध फिरवला आणि तिला मांडीवर घेऊन बसले. एक चमचा, मग ओढ्यावरच्या कोल्ह्याची गोष्ट, मग एक चमचा. तिसऱ्या दिवशी पोरीने भाकर मागितली. तेव्हा मामा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ सरज्याला काहीबाही सांगत राहिले.

म्हणून त्यांच्या मधावर माझा विश्वास होता. आजही आहे. पण त्या हिवाळ्यात ते स्वतःच रोज सकाळी मध घेऊ लागले. बोटभर मध, चिमूटभर पिवळा भुगा, आणि काडीवरच्या डिंकाची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी. आत्याबाईंनी विचारलं तर म्हणाले, "पोट बरूबर न्हाई."

"पोट बरूबर न्हाई तर दोन पायल्या मध हानल्यावर व्हनार का?"

"तुला काय कळतंय?"

"मला न्हाई कळत. चाळीस साल झाले, तुमच्या पोटाला भाकर मीच घालायले."

मार्गशीर्षात कापसाची वेचणी लागली. रोजाने आलेली केशरबाई आणि तिच्या सोबतच्या चार बाया, मी, आत्याबाई आणि मामा. अनू शेवटच्या ओळीत कापसाच्या ढिगावर. मामा दोन ओळी वेचायचे, ओटी तशीच धरून बांधापलीकडे जायचे. बराच वेळ दिसायचे नाहीत. येऊन एक ओळ होते न होते तो पुन्हा. तिसऱ्यांदा निघाले तशी केशरबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचं तोंड पहिल्यापासूनच मोकळं.

"बन्सीभाऊ, बांधापल्याड काय पुरून ठिवलंय का? घडीघडी बघाया जायलाव!"

बाया हसल्या. एक म्हणाली, "हंडा घावला का न्हाई?" मामाही हसले. "घावला की तुलाच पयले सांगतो, केशर," म्हणाले. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते परत येऊन माझ्या पुढच्या ओळीला लागले, तेव्हा मान इतकी खाली होती की पटका बोंडाला लागत होता.

दुपारी जेवताना मी अनूच्या हाती तांब्या दिला. मामांनी नुसते ओठ ओले केले. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी तांब्या जसा भरून नेला तसा भरलेला घरी आला. पाणी प्यायलं नाही की बांधापलीकडे जावं लागणार नाही, असा त्यांनी हिशेब केला होता. बायांसमोर उठणं बंद झालं. त्यांचे ओठ मात्र कापसाच्या वाळल्या बोंडासारखे फुटायला लागले.

मग धोतराचं झालं. घरातलं धुणं माझ्याकडे. मामांचं धोतर रोज न्हाणीच्या दगडावर पडलेलं असायचं. ते एके दिवशी पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाटलं, थंडी आहे, बदललं नसेल. तिसऱ्या दिवशी तुरीच्या रानात गवत आणायला गेले, तर मधल्या ओळीत, कोणाच्या नजरेला येणार नाही असं, तुरीवर धोतर वाळत घातलेलं. आतली बाजू बाहेर. अर्धवट पिळलेलं. पुरुषाच्या हातचं धुणं लगेच ओळखू येतं. साबण राहिलेला होता, आणि समोरच्या निऱ्यांवरचा पिवळसर डाग गेलेला नव्हता.

मी गवताचा भारा तसाच टाकून खाली बसले. साठी उलटलेला माणूस अंधारात उठून विहिरीवर एकटा धोतर धुतो. आणि ते सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून तुरीत लपवतो. धोतर काढून आणावं, नीट धुवून टाकावं, असं फार वाटलं. हात लावला असता तर त्यांना कळलं असतं. मी ते तिथेच राहू दिलं.

त्या रात्री चुलीपुढे मी आत्याबाईंना म्हणाले, "आत्याबाई, मामांचं पोटाचं न्हाई वाटत. लघवीचं काई आसंल."

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तव्यावरची भाकर उलटायची विसरले. मग त्यांनी लाकूड आत सरकवलं आणि हळूच म्हणाल्या, "मला कळत न्हाई का? इचारलं तर खेकसतेत. तू बोलू न्हको बाई. सूर्यभानला सांग."

शनिवारी सूर्यभानला सांगितलं. रुळाला हातोडे घालणारा माणूस, पण ऐकून त्यांचं तोंड लहान पोरासारखं झालं.

"दादाला आसं कसं इचारू?"

"तोंडानं."

"तुला काय जातंय म्हनायला. बापाला कुनी आसलं इचारतंय का?" रविवारी दिवसभर बापलेक शेजारी बसून बैलांबद्दल, उडदाबद्दल, पूर्णेच्या बाजाराबद्दल बोलले. मी दोनदा चहा नेला. दोन्ही वेळा सूर्यभानने माझी नजर चुकवली. सोमवारी उजाडायच्या आत ते निघून गेले.

राहिले मी आणि अनू.

आत्याबाई गिरणीला गेल्या होत्या. मी ओसरीत तुरी पाखडत होते, मामा खाली अंगणात अंबाडीची सुतळी वळत होते. अनू दोघांच्या मधे दगडांचं घर करत होती.

"अनू," मी म्हणाले, "आबाला म्हन, पानी कामून पीत न्हाईत?"

"आबा, पानी कामून पीत न्हाई?"

"तुज्या मायला म्हन, थंडीचे दिवस हाईत. तहान लागत न्हाई."

"आबाला म्हन, परभणीला मोठ्या दवाखान्यात दाखवून येऊ."

"मायला म्हन, पोटासाठी कुनी परभणीला जातंय व्हय? पोटाला मध हाय मह्याकडं."

माझ्या हातातलं सूप थांबलं. पदर पुढे ओढून मी म्हणाले, "अनू, आबाला म्हन, दुखनं पोटाचं न्हाई, मायला ठाव हाय."

वाक्य लांब होतं. अनूने दगड खाली ठेवला, आठवून पाहिलं, आणि जेवढं हाती राहिलं तेवढं नेऊन दिलं.

"आबा, मायला ठाव हाय."

मामांच्या हातातली सुतळी उलटी फिरून उकलत गेली. त्यांनी ती धरली नाही. थोड्या वेळाने उठले, चपला घातल्या आणि शेताच्या वाटेने निघून गेले. अनू म्हणाली, "आबा बोलंना." मी तुरी पाखडत राहिले. काय पाखडलं ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर दोन दिवस मामा माझ्या समोरून गेले तर भिंतीच्या कडेने जायचे. सरज्याशीसुद्धा बोलले नाहीत. भाकर अर्धी टाकून उठायचे. दुसऱ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "परसाकडंला बी दोन दिस गेले न्हाईत. डबं घेऊन जातेत, तसंच घेऊन येतेत." मला वाटलं, माझ्या एका वाक्याने मी त्यांचं घरातलं राहणं अवघड करून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी, संक्रांतीला दोन-तीन दिवस असतील, ते सकाळीच ओढ्याकडे गेले. शिशीतला पिवळा भुगा संपला होता. बोरीत एक मोहोळ त्यांनी राखलेलं होतं. जेवणवेळ झाली तरी आले नाहीत, म्हणून मी भाकर बांधली, अनूला खांद्यावर घेतलं आणि निघाले. करडईला पिवळी फुलं आली होती. वाटभर माशांची गुणगुण होती आणि त्या सुरावर अनू खांद्यावरच झोपली.

मामा बोरीखाली उकिडवे बसले होते. कपाळ बांधाच्या दगडाला टेकवलेलं. पौषाची थंडी, आणि सदरा घामाने पाठीला चिकटलेला. शेजारी पळसाच्या पानावर मधाचं कापलेलं डोकं होतं. पिलाचं पोळं त्यांनी डाव्या तळहातावर धरलं होतं, त्यावर माशांचा थर हलत होता. उजवा हात ओटीपोटावर. धोतराआडून पोट मडक्यासारखं वर आलेलं दिसत होतं.

माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली.

"अनू..." ते म्हणाले.

अनू गाढ झोपली होती. तोंड उघडं, लाळ माझ्या खांद्यावर. मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं. जवळ बैल नव्हता, कुत्रं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले.

"ईमल," ते म्हणाले, "काल सांजपून थेंब झाला न्हाई. फुटायलंय बाई आता."

"मामा, उठा," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "चंद्रभानभाऊ पल्याडच्या रानात गाडी भरायलेत. त्यांना हाक मारते. परभणीला जाऊ."

"थांब. पयले हे बांध."

"राहू द्या ना ते!"

"पिलं उघडी हाईत. खाली ठिवलं तर मुंग्या लागतेत, हातात ऊन लागायलंय. मह्या हाताला कापरं भरलंय, बांधता येईना." ते धापा टाकत होते. "माझं झाकायच्या नादात ह्यांचं मरन व्हायलंय. बांध, मग म्हनशील तिथं येतो."

अनूला त्यांच्या पटक्यावर निजवलं. चिरलेल्या दोन काड्या त्यांनी तयार ठेवल्या होत्या. सुतळी मात्र कुठे सापडेना. कंबरेला खोचलेली वाटेत पडली असावी. मी पदर डोक्यावरून खाली ओढला, हिरव्या साडीचा काठ दातात धरला आणि हातभर फाडला. डोकं उघडं, केस मोकळे, आणि मी सासऱ्यापुढे गुडघे टेकून बसलेली. तेव्हा यातलं काही सुचलं नाही.

"वरलं वर ठिव. उलटं धरू न्हको."

"हं."

"लय आवळू न्हको. पिलं चेंगरतेत. हां, आसं. आता दुसरं टोक."

माशा माझ्या मनगटावरून चालत होत्या. एक भुवईत चावली. डोळ्यात पाणी आलं, पण हात हलवला नाही. बोरीचा काटा बाजूला करून मी काडी फांदीला बांधली. माशा क्षणभर उडाल्या आणि पुन्हा पोळ्यावर येऊन बसल्या.

"बसल्या?" मामांनी मान न उचलता विचारलं.

"बसल्या."

"आता चल."

चंद्रभानभाऊ आमचे शेतशेजारी. त्यांनी तुरीच्या पेंढ्या बांधावरच फेकल्या आणि गाडी ओढ्याशी आणली. त्यांच्या पोराला घरी आत्याबाईंकडे पिटाळलं. गाडीचं चाक दगडावरून गेलं की मामांच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडायचा. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, अनू उठून त्यांचं बोट धरून बसली होती. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराच्या निकालाच्या गडबडीत एसटीचा भरवसा नव्हता. ताडकळसहून जीप मिळाली. आधीच भरलेली होती. चंद्रभानभाऊ म्हणाले, "म्हातारा लय आजारी हाय, जागा द्या." पाच जण न बोलता उतरले.

परभणीच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने पोटावर हात ठेवला आणि लगेच पडदा ओढला. आतून मामांचा एक लांब सुस्कारा ऐकू आला. इतका लांब, की मला वाटलं संपलं. कंपाउंडर बाहेर आला, म्हणाला, "दीड तांब्या निघालं. अजून थोडं थोडं काढू." मी भिंतीला टेकून खाली बसले. अनूने माझ्या सुजलेल्या डोळ्यावर हात ठेवला. "माय, माशी?" म्हणाली. मी हसले आणि मग रडायला आलं.

मामांना नळी घातली होती. चेहऱ्यावरचा ताण उतरून ते एकदम म्हातारे आणि एकदम लहान दिसत होते.

"कधीपासून त्रास आहे बाबा?" डॉक्टरने विचारलं.

"चार रोज झाले."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी अनूकडे पाहिलं नाही.

"दिवाळीच्या आधीपासून," मी म्हणाले. "रातीतून पाच-सा येळा उठतेत. लय येळ लागतो. पंधरा-वीस दिवसांपासून पानी तोडलंय. दोन-तीन रोज परसाकडंला बी झालं न्हाई."

मामांनी तोंड भिंतीकडे वळवलं. पण नाही म्हणाले नाहीत.

"औषध काही घेत होता?"

मग भिंतीकडूनच आवाज आला. "मध. अन् पोळ्यातलं पिवळं. पूर्णेच्या बाजारात एक जन म्हनला, फुलाचा भुगा खाल्ला की म्हाताऱ्या मानसाची वाट मोकळी व्हती."

म्हणजे त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं. पोटाचं नाव सांगून ते एकटेच या दुखण्याशी झुंजत होते.

मला वाटलं डॉक्टर ओरडणार. तो पलंगाच्या कडेला बसला. "काहींना थोडा आराम पडतो म्हणतात त्यानं. पडू शकतो. पण बाबा, लघवीच्या पिशवीखाली एक गाठ असते, म्हातारपणी ती वाढते. बऱ्याच पुरुषांची वाढते, त्यात शरम कसली? तुमची फार वाढलीय. ती मधानं जाणार नाही. वर तुम्ही पाणी तोडलं, त्यानं आतडी कोरडी पडली, शौचाला होईना, आणि राहिलेली वाट पण अडली. ऑपरेशन करावं लागेल."

"मध बंद करायचा?"

"रक्तातली साखर तपासू. ती बरी असली तर खा की. पोटाला चांगलाच आहे. पण वर तांब्याभर पाणी प्यायचं."

संध्याकाळी आत्याबाई आल्या, रात्रीच्या गाडीने सूर्यभान आले. सूर्यभान पायाशी उभे राहिले, नळीकडे पाहिलं आणि रडायला लागले. "दादा, मला सांगायचं की."

"तू इचारलंस का?" मामा म्हणाले. मग त्यांनीच हात पुढे करून सूर्यभानचा हात धरला. "जाऊ दे. तू तरी कुनावर जाशील?"

आत्याबाई स्टुलावर बसून पदराने वारा घालत होत्या, थंडीचे दिवस असून.

साखर बरी निघाली. नळी घेऊन मामा महिनाभर घरी राहिले. पिशवी धोतराआड धरून अंगणात फिरायचे, कोणी आलं की आत जायचे. केशरबाई आली तेव्हा आत जायला वेळ मिळाला नाही. तिने पिशवीकडे पाहिलं, खाली बसली, आणि पहिल्यांदाच तिला बोलायला सुचलं नाही. निघताना म्हणाली, "बन्सीभाऊ, मह्या दादल्याला बी आसंच व्हायलंय. कुन्या डाक्टरला दाखिवलं?" मामांनी तिला सगळं सांगितलं. नाव, वार, किती वाजता जायचं. नंतर बोलावून शिशीत बोटभर मधही दिला. "ह्यानं गाठ जात न्हाई हं," म्हणाले. "ह्यो पोटासाठी. गाठीसाठी परभणीच."

माघात ऑपरेशन झालं. आठ दिवस मी आणि आत्याबाई आळीपाळीने दवाखान्यात. नळी काढली त्या दुपारी मामा कोपऱ्यातल्या मोरीकडे चालत गेले. आम्ही दोघी दाराकडे बघत बसलो. बाहेर आले ते आत्याबाईंकडे बघून नुसते मान हलवत. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "चाळीस सालांत ह्यांना एवढं खुश बघितलं न्हाई. लग्नात बी न्हवते."

फाल्गुनात ओढ्याकाठचा पळस पेटला होता. मामा पहिल्यांदा शेतात आले. काठी टेकत, थांबत थांबत थेट बोरीपर्यंत गेले. मी अनूला घेऊन मागे होते. काडी फांदीला तशीच होती. साडीचा हिरवा काठ मेणाने झाकत आला होता, एक टोक तेवढं वाऱ्यावर हलत होतं. पोळं दुप्पट झालं होतं आणि वर मधाचं डोकं धरलं होतं.

मामा बराच वेळ बघत राहिले. काढायला हात पुढे केला नाही.

"अनू," ते म्हणाले, "तुज्या मायला म्हन, गाठ लय चांगली मारली व्हती."

अनू आता तीन वर्षांची व्हायला आली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माय हितंच हाय की," ती म्हणाली.

मामा हसले. मी पदर सावरला आणि तांब्या पुढे केला, सरळ त्यांच्या हातात. त्यांनी तो वर धरून घटाघटा रिकामा केला. मिशीवरून पाणी ओघळलं, ते पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुणं घेऊन निघाले. न्हाणीच्या दगडावर अनूची झबली, आत्याबाईंचं लुगडं, आणि त्यावर मामांचं धोतर पडलेलं होतं. कोणी घडी केलेली नव्हती, लपवलेलं नव्हतं. साधं मळलेलं, कडेला मातीचा डाग. मी सगळं बादलीत भरलं. विहिरीवर गेल्यावर धोतराला आधी साबण लावला, दोनदा खळबळून धुतलं, घट्ट पिळलं, आणि उन्हात, वाटेवरून जाणाऱ्या कोणालाही दिसेल असं, पसरून वाळत घातलं.